आमच्या घरची जकात

बाबा कामावरून आले की आई आधी त्यांच्या शर्टाचा वास घ्यायची. यात प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता. शर्ट कुठल्या बादलीत टाकायचा एवढंच तिला ठरवायचं असायचं. "आज मिरच्या," असं म्हणून ती तो वेगळा भिजवायची, कारण मिरचीच्या धुळीने बाकीचे कपडेही अंगाला झोंबायचे. गुळाच्या दिवशी कॉलरला मुंग्या लागायच्या. सुक्या मासळीचा ट्रक येऊन गेला असेल तर बाबांनाच चहाआधी मोरीत पाठवलं जायचं.

बाबा जकात नाक्यावर कारकून होते. शहराच्या वेशीवर एक लांबट खोली, खिडकीबाहेर ट्रकची रांग, आत पावतीपुस्तकांचे गठ्ठे आणि कायम घरघरणारा पंखा. ड्रायव्हर खाली उतरून बिल्टी आणि बिलं खिडकीतून सरकवायचा. माल शहरात विकायला किंवा वापरायला येत असेल तर त्यावर जकात, म्हणजे महापालिकेचा कर, नुसताच शहरातून पुढे जाणार असेल तर त्याचे वेगळे कागद. शंका आली तर ताडपत्री सोडायला लावायची आणि पोत्यात एक टोकदार पोकळ सळई खुपसायची. सळईतून जे बाहेर येईल ते आणि कागदावर लिहिलेलं जुळलं म्हणजे झालं. बाबांना मात्र सळई क्वचित लागायची. ताडपत्रीजवळ जाऊन ते हुंगायचे आणि सांगायचे, धने आहेत, हळद नाही. "नाक्यावरच्या माणसाला नाक पाहिजे," हा त्यांचा आयुष्यभराचा विनोद. आम्ही तो निदान चारशे वेळा ऐकला असेल.

जकात हा शब्द आमच्याकडे इतका घरचा होता, की शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात 'स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उत्पन्नाची साधने' असा प्रश्न आला तेव्हा मी पहिलं साधन म्हणून 'बाबा' लिहिता लिहिता थांबले. तशी मी फार चुकले नसते. त्या काळात मोठ्या शहरांच्या महापालिका मुख्यतः जकातीवरच चालायच्या. मूळ अरबी शब्द दानधर्माचा. आपल्याकडे पोचेपर्यंत त्यातला धर्म कुठेतरी गळून पडला आणि नाका तेवढा राहिला.

आता आईबद्दल. तिचं माहेर गोरेगावचं. १९७२ साली ती एकोणीस-वीस वर्षांची होती. दुष्काळाचं वर्ष, रेशनवर लाल मिलो ज्वारी, तेल मिळालं तर मिळालं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी एकत्र येऊन महागाईविरोधी समिती काढली, आणि मुंबईतल्या बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आई आजीबरोबर एका मोर्चाला गेली होती. त्या मोर्चाबद्दल ती काही शौर्याने बोलत नाही. तिला आठवतं ते एवढंच, की परत येताना आजीचं लाटणं लोकलमध्ये राहिलं आणि पुढचे दोन दिवस घरात बाटलीने पोळ्या लाटल्या.

लग्न होऊन ती ठाण्यात आली, नौपाड्यात. थोड्याच वर्षांत ती मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद झाली. बिंदुमाधव जोशींनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. शेजारपाजारच्या काही घरांचा मिळून एक संघ. महिन्याची किराण्याची यादी आधी भरून द्यायची, सामान एकत्र येऊन एका घरी उतरणार, आणि मग सगळ्यांनी जमून ते घरोघरच्या याद्यांप्रमाणे लावायचं. आमच्या संघात चौदा घरं होती आणि सामान उतरायचं आमच्या घरी. वाटपाच्या दिवशी मला अभ्यासाला जागा नसायची. साबणाच्या वड्या मोजणं, चहाची पाकिटं, शेंगदाणे, गोडंतेल, कुणाच्या पिशवीत हिंग राहिला, कुणाला रव्याऐवजी बेसन गेलं. आई मधोमध पेन्सिल कानावर ठेवून बसलेली.

म्हणजे शहरात येणाऱ्या पोत्यावर कर घेणारा माणूस आणि तसल्याच पोत्यांतलं सामान चौदा घरांत वाटणारी बाई एकाच बिछान्यावर पाठ टेकत होती. भांडण व्हायचंच. ते वर्षातून साधारण दोनदा व्हायचं, दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात वर्षाचं सामान भरताना.

"अहो, ही तेलाच्या डब्यावरची जकात भरतं कोण?"

"व्यापारी भरतो. पावती त्याच्या नावाची असते."

"आणि तो कुठून आणतो?"

इथे बाबा पेपर उघडायचे.

एकदा, मी बारावीत असेन, आईने बाबांच्या कपाटातली जकातीची दरपुस्तिका काढली आणि रात्री जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचायला घेतली. त्या पुस्तिकेत काय नव्हतं? घरात दिसणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कलमात बसत होती. ती वाचत होती आणि स्वयंपाकघरातल्या एकेका डब्याकडे बोट दाखवत होती. बाबा आधी हसले, मग गप्प झाले, आणि शेवटी म्हणाले, "त्या डब्यांतून गल्लीतले दिवे लागतात. गटारं निघतात. मुलींना शाळेत पाणी मिळतं. माझा पगार होतो. आणखी काय पाहिजे?"

"पावती," आई म्हणाली.

मला तेव्हा वाटलं ती चेष्टा करते आहे.

३१ मार्च २०१३ च्या रात्री ठाण्यातली जकात संपली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी. बाबांना निवृत्त होऊन तोवर चार वर्षं झाली होती, तरी त्या रात्री ते रिक्षा करून आपल्या जुन्या नाक्यावर जाऊन आले. साडेबाराला परतले. "दिवे चालू आहेत," म्हणाले, "पण कोणी थांबतच नाही गं. सरळ जातात." तीस वर्षं ज्या माणसाच्या खिडकीपाशी प्रत्येक ट्रक थांबला, त्याला ट्रक न थांबता जाताना बघून काय वाटलं असेल, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या रात्री मी फक्त विचारलं, "जेवलात का?"

नव्या कराची रीत वेगळी होती. वेशीवर कोणी अडवणार नाही. व्यापाऱ्याने बाहेरून शहरात आणलेल्या मालाची नोंद स्वतःच्या वहीत ठेवायची, महिन्याचा हिशोब करायचा आणि कर आपण होऊन भरायचा. कागदावर हे सुधारल्यासारखं दिसत होतं. रांगा जाणार, डिझेल वाचणार, खिडकीतली घासाघीस संपणार. पण राज्यभरातले व्यापारी खवळले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हटायला तयार नव्हते आणि व्यापारी संघटनाही नव्हत्या. एप्रिल-मे मध्ये ठिकठिकाणी बंद सुरू झाले.

मुंबईतही हा कर येणार होता, पण विरोधामुळे कधी आलाच नाही. तिथे जकातच चालू राहिली. त्यामुळे पुढची दोन वर्षं मुंबई-ठाण्याच्या हद्दीवरच्या मुलुंड चेक नाक्याच्या एका अंगाला जकात आणि दुसऱ्या अंगाला एलबीटी, असा प्रकार होता. खाडीपलीकडे नवी मुंबईची तर तऱ्हाच निराळी. तिथे जकात नाकेच नव्हते, आधीपासून उपकर होता. बाबांच्या मते नाका नसलेलं शहर हे शहरच नव्हे, नुसती वसाहत. मी लग्नानंतर ऐरोलीला राहायला गेले तेव्हा त्यांना जावयापेक्षा हे जास्त खटकलं होतं.

आमच्या गल्लीतला किराणावाला कच्छी. त्याला सगळे शेठ म्हणायचे, पण त्याच्यात शेठपणा काही नव्हता. तो, त्याचा भाऊ आणि एक पोरगा एवढंच दुकान. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने काउंटरवर सह्यांचा कागद ठेवला. एलबीटी रद्द करा, असा. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पेन पुढे करत होता.

"काकू, सही करा ना. तुमच्याच फायद्याचं आहे. कर गेला की माल स्वस्त."

"जकात गेली एक तारखेला," आई म्हणाली. "तेलाच्या डब्यावर किती उतरले?"

"काकू, कर गेला कुठे? नाव बदललं फक्त."

"मग तुमचं काय बिघडलं?"

त्यावर शेठ जे बोलला ते आईने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि मला वाटतं त्या सगळ्या आंदोलनातलं तेच सगळ्यात प्रामाणिक बोलणं होतं. तो म्हणाला, "काकू, पैशाचं नाही. पैसे काय, तुमच्याकडूनच येतात. माझ्याकडे मुनीम नाही. वही कोण लिहिणार? आणि उद्या कोणी साहेब येऊन गल्ल्यापाशी उभा राहिला तर मी काय करू?"

आईने सही केली नाही. पण त्याला पाडूनही काही बोलली नाही. घरी येऊन म्हणाली, "त्याला वहीची भीती वाटते आणि मला वहीच बघायची आहे. एका कागदावर आमच्या दोघांच्या सह्या कशा बसणार?"

मे महिन्यात शटर खाली आली. आता मे महिन्यात किराणा बंद, याचा अर्थ पुरुषांना कळत नाही. मे म्हणजे मसाला. बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या आणून, देठं काढून, गच्चीत वाळत घातलेल्या. वळीव केव्हा येईल सांगता येत नाही. मिरच्या कडक झाल्या की धने, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री भाजून डंकावर न्यायचं. आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत मिरच्या होत्या आणि धने नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे दोन किलो धने जास्तीचे निघाले तेव्हा त्यांचा भाव असा वाढला, की त्यांच्याकडे जाताना लोक केळफुलाची भाजी घेऊन जाऊ लागले. तूरडाळ वाटीने उसनी फिरत होती. बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी होत्या, त्यांनी उसनवारीची नोंद ठेवायला सुरुवात केली, जिन्याखालच्या फळ्यावर, खडूने.

संध्याकाळी गच्चीत मिरच्या गोळा करायला जमायचं, तिथेच ती सभा झाली. तिला सभा म्हणणंही जास्तच. नाकाला पदर बांधलेल्या नऊ बायका आणि दोन निवृत्त पुरुष. बोलणं असं चाललं होतं: हा कर नकोच. नको कसा, रस्ते कोण करणार? रस्ते कुठे केलेत? आमच्या भागात केलेत हो. धान्याला तरी नको. तेलाला नको. मग साखरेला का असावा? मीठ तर सोडा, मिठासाठी गांधीजी चालत गेले होते. यावर कुणीतरी म्हणालं, मग आपण जांभळी नाक्यापर्यंत चालत जाऊ या, तिथेही दुकानं बंदच आहेत, निदान पाय मोकळे होतील. शिंका आणि हसणं एकदमच सुरू झालं.

आई सगळ्यांचं होऊ देऊन मग बोलली. तिचं म्हणणं साधं होतं. व्यापारी त्यांच्या सोयीचं मागत आहेत आणि सरकार त्याच्या सोयीचं. कर शेवटी ज्या डाळीतून जातो ती डाळ आपल्या कुकरमध्ये शिजते, आणि आपल्याला कोणी विचारलेलंच नाही. रोजच्या खाण्याच्या वस्तूंवर हा कर नसावा असं आपण मागू. आणि असलाच, तर कुठल्या वस्तूवर किती आहे त्याची पाटी दुकानात लावा. उद्या तो काढलात तर किंमत तेवढी उतरली का, ते आम्हाला बघता आलं पाहिजे.

बायका चळवळ करतात तेव्हा ती किती घरगुती सामानात होते, याची मला तेव्हा गंमत वाटली. सह्यांचे कागद पंचायतीच्या जुन्या याद्यांच्या पाठीवर. कोण कुठल्या गल्लीत जाणार ते भिशीच्या क्रमाने ठरलं. विष्णूनगर, ब्राह्मण सोसायटी, घंटाळी, चरई. जिथे भजनी मंडळ होतं तिथे काम एका दुपारी झालं. जिथे नव्हतं तिथे दारावरची बेल वाजवून, "आम्ही काही विकायला आलेलो नाही," इथून सुरुवात करावी लागली. मी शनिवार-रविवार माहेरी यायचे आणि आईबरोबर जिने चढायचे. एका घरात एका गृहस्थांनी अर्धा तास आम्हाला करप्रणाली समजावली आणि सही केली नाही. शेजारच्या घरात एका आजींनी काहीही न वाचता सही केली आणि विचारलं, "मोर्चा कधी आहे?"

मोर्चा नव्हता. निवेदन होतं. आणि ते लिहिताना खरी गंमत झाली.

आईने मसुदा लिहिला, तो तिच्या बोलण्यासारखाच होता. "आम्हा गृहिणींना आज डाळ उसनी आणावी लागते," वगैरे. बाबा शेजारी बसून शब्दकोडं सोडवत होते. या प्रकरणात ते कुठेच नव्हते. नसणारच होते, त्यांची पेन्शन महापालिकेची. पण आईने वाचून दाखवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला त्यांना राहवेना.

"याला विषय नाही का?"

"विषय काय? महागाई."

"अगं, तो विषय नव्हे. कागदाच्या वर लिहायचा विषय. आणि संदर्भ. आणि प्रत कुणाला? असा कागद गेला तर तो कुठल्या टेबलावर ठेवायचा हेच कळणार नाही. फिरत राहील."

शब्दकोडं बाजूला ठेवून त्यांनी पेन घेतलं. रात्री साडेअकराला निवेदन तयार होतं. "विषय : जीवनावश्यक वस्तूंवरील स्थानिक संस्था कराबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की..." मुद्दे क्रमाने, प्रत्येक मुद्द्याला उपमुद्दा, समासात सोडलेली जागा. आईची डाळ त्यात 'दैनंदिन गरजेच्या वस्तू' झाली होती. तिने ती परत डाळ करून घेतली. त्यावर पाऊण तास वाद झाला आणि शेवटी 'डाळ, तेल, साखर इत्यादी दैनंदिन गरजेच्या वस्तू' यावर तडजोड झाली. 'इत्यादी' बाबांचा.

ज्या खात्यात बाबांनी तीस वर्षं पोत्यांवर कर बसवला, त्या खात्याविरुद्धचा कागद त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच भाषेत होता. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला पटलं का हे?" ते म्हणाले, "पटण्याचा प्रश्न नाही. कागद नीट पाहिजे." मग थोड्या वेळाने, आई आत गेल्यावर, म्हणाले, "पाटी लावा म्हणते ते बरोबर आहे. आम्ही पावती फाडत होतो पण ती ट्रकवाल्याच्या खिशात जात होती."

सह्या १३७ झाल्या. मे संपता संपता चार बायका, बँकेतल्या मावशी आणि बाबा असे पाचपाखाडीला महापालिकेच्या मुख्य इमारतीत गेले. नौपाड्यातून रिक्षाने फार तर दहा मिनिटं. आवक-जावकच्या टेबलावर बाबांच्या ओळखीचा माणूस निघाला, त्याने कागद पाहिला, बाबांचं अक्षर ओळखलं, वर पाहिलं आणि काही न बोलता आवक क्रमांक घालून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. मग एका अधिकाऱ्यांनी सगळ्यांना आत बोलावून ऐकून घेतलं. खाण्याच्या वस्तूंचं शासनाच्या पातळीवर बोलावं लागेल, म्हणाले. पाटीची कल्पना त्यांना आवडली, तसं त्यांनी दोनदा सांगितलं. चहा झाला. त्याच सुमारास बंद मिटले, शटर उघडली, बायकांनी धने आणले आणि पाऊस येण्याआधी मसाला होऊन बरण्यांत गेला. इमारतीतल्या उसनवारीचा फळा पुसला गेला. पाटी काही कुठल्या दुकानात लागली नाही. पुन्हा काही लिहावं असंही आमच्यातल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. चळवळींचं असंच होत असावं. मसाला झाला की माणसं घरी जातात.

आई मात्र गेली नाही. म्हणजे घरीच होती, पण तिने एक वही घातली.

२०१४ च्या निवडणुकीत एलबीटी घालवण्याचं आश्वासन होतं. सरकार बदललं आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला. म्हणजे जवळजवळ सगळ्यांचाच. फटाके वाजले, आमच्या शेठने पेढे वाटले. आईने पेढा घेतला आणि विचारलं, "आजचा तूरडाळीचा भाव?" जुलैपासून ती दर आठवड्याला बारा वस्तूंचे भाव लिहीत होती. कर गेल्यावर किती उतरतात ते तिला बघायचं होतं. एखाद्या शास्त्रज्ञाने करावा तसा तो प्रयोग होता आणि तो तसाच फसला. ते वर्ष तूरडाळीचं निघालं. पाऊस ओढलेला, डाळ नाही, आणि ऑक्टोबरपर्यंत तूर किलोला २०० रुपयांवर पोचली. वहीत ऑगस्टपासून प्रत्येक आठवड्याला आकडा वर चढत गेलेला आहे. कराचे पैसे त्यात उतरले की नाही ते विधात्यालाही सांगता येणार नाही. त्या पानाखाली आईने फक्त एवढंच लिहिलंय : "मूग आणला."

(जाता जाता एक. एलबीटी गेला असं आपण म्हणतो, पण २०१८ मध्ये आम्ही ऐरोलीत घर घेतलं तेव्हा मुद्रांक शुल्काच्या हिशोबात एलबीटीचा १ टक्का मला पुन्हा भेटला. जुन्या वर्गमित्राला स्टेशनवर ओळखावं तसं मी त्याच्याकडे पाहिलं. डाळीतून उठून तो घरात जाऊन बसला होता.)

मग जीएसटी. ३० जून २०१७ च्या रात्री मुंबईचे पाचही जकात नाके बंद झाले, दहिसर, मुलुंडचे, ऐरोली, वाशी, सगळे. बाबा त्या रात्री कुठे गेले नाहीत, टीव्हीवर बघत बसले. महापालिकांचं बुडालेलं उत्पन्न भरून द्यायला राज्याने त्याच वर्षी कायदा केला, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून महिन्याच्या महिन्याला भरपाई. बाबांनी तो आकडा ऐकला आणि म्हणाले, "म्हणजे आता पगार मंत्रालयातून." ते वाक्य त्यांनी दुःखाने म्हटलं की सुटल्यासारखं, मला सांगता येत नाही. पण मी त्यावर बराच विचार केलाय. आधी गल्लीतला दिवा आणि आमच्या तेलाचा डबा यांच्यामध्ये एकच खिडकी होती आणि त्या खिडकीत माझे वडील बसलेले होते. त्यांना आई रात्री जेवताना जाब विचारू शकत होती. आता डबा आणि दिवा यांच्यामध्ये दिल्ली आहे, मुंबई आहे, भरपाईचं सूत्र आहे. जकात वाईट होती, हे मी नाक्यावरच्या माणसाची मुलगी असूनही म्हणेन. ट्रक तासन् तास उभे राहायचे, आणि वेशीवर कर घेऊन शहर चालवणं ही मध्ययुगीन गोष्ट होती. पण तिच्यावर रागवायला रिक्षाने दहा मिनिटांत जाता येत होतं.

बाबा २०२० मध्ये गेले. त्यांचं कपाट आवरताना पेन्शनच्या फाइलमध्ये ती दरपुस्तिका सापडली आणि तिच्या आत निवेदनाची शिक्का मारलेली प्रत. पेन्शनचे कागद आणि तो कागद त्यांनी एकाच दोऱ्याने बांधून ठेवले होते.

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बांधीव, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर, पोह्या-कुरमुऱ्यांवर, दह्यावर ५ टक्के जीएसटी लागला. डाळ-तांदूळ-पिठावर आधी तो फक्त नोंदणी केलेल्या ब्रँडवर होता. सुटं घेतलं तर कर नाही. वाशीच्या दाणाबंदरातल्या घाऊक व्यापाऱ्यांनी दोन दिवस आधी बंद पाळला, बाजारात थोड्याच दिवसांत २६ आणि ३० किलोंची पोती दिसू लागली, आणि आपला देश किती हुशार आहे याची खात्री पटली. तो निर्णय जीएसटी परिषदेच्या चंडीगडच्या बैठकीत झालेला. आईने मला फोन करून विचारलं, "चंडीगडला आवक-जावक कुठे असतं?"

बँकेतल्या मावशी आता मुलाकडे पुण्याला असतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू गेल्या. इमारत पुनर्विकासात गेली आणि नवीन मनोऱ्यात कोणाच्या घरी काय शिजतं ते कोणाला माहीत नसतं, गच्चीला कुलूप असतं, मसाला ऑनलाइन येतो. शेठ मात्र आहे. दुकान तेच, पण काचेचा दरवाजा, संगणक, बिल छापणारं छोटं यंत्र. ज्या वहीला तो घाबरत होता ती आता त्याचा पुतण्या बोटांनी बडवतो.

गेल्या दिवाळीआधी मी आईबरोबर तिथे गेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये बऱ्याच वस्तूंचे दर उतरले, तुपालोण्यावरचा १२ चा ५ झाला, बिस्किटांवरचा १८ चा ५. आईकडे वही होतीच. तिने शेठला तुपाचा जुना भाव विचारला, नवा विचारला, पेन्सिलीने वजाबाकी केली आणि मान हलवली. यावेळी उतरला होता. ती जवळजवळ निराश झाली असावी.

मग पोहे. चिवड्याला जाड, कांदेपोह्यांना मध्यम.

"काकू, पोहे सुटे घ्या ना," शेठ म्हणाला. "पाकिटाला पाच टक्के लागतात. माल तोच आहे."

"सुटे घेतले तर छापील बिल देशील?"

"सुट्याचं कसलं बिल, काकू? कागदावर लिहून देतो हवं तर."

आईने दोन्ही पाकिटं उचलून काउंटरवर ठेवली. यंत्रातून बिल आलं. ते तिने चष्मा लावून वाचलं. केंद्राचे अडीच टक्के, राज्याचे अडीच टक्के, वेगवेगळ्या ओळींत, पैशापर्यंत. मग घडी घालून वहीत ठेवलं आणि शेठला म्हणाली, "आता सुटेही दे अर्धा किलो. चिवड्याला पुरायचे नाहीत."